सामन्याआधीचं हस्तांदोलन, रांगा, पाहुणे : काय ठेवायचं, काय काढायचं?

मांडवी_दरवाजा

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आपल्या बडोद्यात सोळा संघांची बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा घ्यायचं घाटतंय. मैदान उघडं, दिवे नाहीत. एका दुपारी दोन सामने, ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ, मध्ये १० मिनिटं विश्रांती.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, सामन्याआधी रांगेत उभं राहणं, हात मिळवणं, कर्णधारांनी पताका बदलणं ही सगळी टीव्हीची नक्कल आहे, काढून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, एवढंही नसेल तर सामना आणि गल्लीतली हाणामारी यात फरक काय? दोन्हीकडची भाषणं ऐकून झाली. इथे पंचगिरी करणारे आणि संघ सांभाळणारे लोक आहेत म्हणून विचारतो. किती वेळ जातो, कुठे अडतं, उपयोग कशाचा होतो, ते नेमकं सांगा.

शिट्टीवाला

आधी नियम. सामना सुरू करताना फुटबॉलच्या नियम ८ प्रमाणे बंधन आहे ते फक्त नाणेफेकीचं. पंच नाणं उडवतो. जिंकणारा संघ एक तर पहिल्या हाफमध्ये कोणत्या गोलवर चढाई करायची ते ठरवतो, नाहीतर किक-ऑफ घेतो. (२०१९ च्या आधी जिंकणाऱ्याला फक्त बाजू निवडता यायची, किक-ऑफ आपोआप समोरच्याकडे जायचा. आपल्याकडे अजून कित्येक जण तेच धरून बसलेत आणि नाणेफेकीतच पंचाशी वाद घालतात.) हस्तांदोलन, रांग, पताका हे सगळं स्पर्धेच्या आपापल्या नियमावलीतलं. म्हणजे ठेवायचं की काढायचं हे सर्वस्वी तुमच्या हातात.

आता वेळ. रांग अशी लागते: मध्यरेषेवर मधोमध पंच, एका अंगाला अ संघ, दुसऱ्या अंगाला ब संघ, सगळ्यांची तोंडं मांडवाकडे. दोन्ही कर्णधार पंचांच्या लगत. ब संघ निघतो, आधी पंचांशी आणि मग अ संघाच्या रांगेशी हात मिळवत जातो. तो संपला की अ संघ पंचांशी हात मिळवतो. चौथा पंच धरून ब संघाच्या ११ जणांना १५ माणसं ओलांडायची, म्हणजे पहिला निघाल्यापासून शेवटचा सुटेपर्यंत २५ टप्पे. अ संघाचे ११ जण ४ पंच ओलांडणार, ते १४. एकूण ३९. टप्प्याला दीड सेकंद धरा, मिनिटभरात काम होतं. राखीव खेळाडूही रांगेत घेतलेत, संघात १८ जण, तर ३९ चे ६० होतात आणि वेळ दीड मिनिटावर जातो. म्हणून राखीव बाकावरच बसू द्या.

मिनिटभराच्या कामासाठी एवढं रामायण कशाला?

डावा_बॅक

शिट्टीवाले साहेब, मिनिट कागदावर. मैदानात गोलकीपर ग्लोव्हज शोधत असतो, दोघं जण बुटांच्या नाड्या बांधत असतात, एकाचा शर्ट अजून पिशवीत असतो. रांग लागायलाच पाच मिनिटं.

आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. हात मिळवून कोणाच्या टॅकलची धार कमी होत नाही. ज्याला घोट्यावर मारायचंय तो हसत हात मिळवतो आणि तिसऱ्या मिनिटाला मारतो. मग हा देखावा कोणासाठी?

निर्मळ_कॉर्नर

देखावा म्हणताय तर दोन-तीन प्रसंग आठवा. २७ फेब्रुवारी २०१०, स्टॅमफर्ड ब्रिज. मँचेस्टर सिटीची रांग चेल्सीच्या रांगेसमोरून चालली होती. वेन ब्रिजने जॉन टेरीचा पुढे आलेला हात टाळला. भांडण मैदानाबाहेरचं, पण सामन्याआधी आठवडाभर चर्चा एकच, हात मिळवणार की नाही. ११ फेब्रुवारी २०१२, ओल्ड ट्रॅफर्ड. लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला हात दिला नाही. त्याच्याशी वर्णद्वेषी बोलल्याबद्दल सुआरेझने आठ सामन्यांची बंदी भोगली होती, त्यानंतरची ही पहिलीच समोरासमोर गाठ. पुढे एव्हराचा सहकारी रिओ फर्डिनंडने सुआरेझला हात दिला नाही. दुसऱ्या दिवशी सुआरेझला माफी मागावी लागली. त्याच्या दोनच आठवडे आधी एफए कपच्या क्वीन्स पार्क रेंजर्स विरुद्ध चेल्सी सामन्यात हस्तांदोलन आयोजकांनीच रद्द केलं होतं, कारण टेरी आणि क्वीन्स पार्कचा अँटन फर्डिनंड (रिओचा भाऊ) यांचं वर्णद्वेषी शिवीगाळीचं प्रकरण तेव्हा कोर्टात होतं.

म्हणजे राग आधीपासून असेल तर ही रांग त्याला व्यासपीठ देते. सगळे कॅमेरे त्या एका हातावर.

पण उलटंही घडतं. २१ जून १९९८, लियाँ, विश्वचषकात अमेरिका विरुद्ध इराण. प्रघाताप्रमाणे ब संघ अ संघाकडे चालत जातो, आणि ब संघ होता इराण. अमेरिकनांकडे चालत जायचं नाही असा इराणी संघाला वरून आदेश. बोलणी झाली आणि शेवटी अमेरिकन खेळाडू चालत गेले. इराणी खेळाडूंनी त्यांना पांढरे गुलाब दिले, दोन्ही संघांनी मिसळून एकत्र फोटो काढला. सामना इराणने २-१ जिंकला. कोणी कोणाकडे चालायचं इतक्या बारीक गोष्टीत केवढं राजकारण मावतं बघा. आणि ते सुटलं कशामुळे? आधी कोणीतरी बसून ठरवलं म्हणून.

मांडवी_दरवाजा

निर्मळराव, म्हणजे तुमचं मत ठेवा की काढा?

निर्मळ_कॉर्नर

ठेवा, पण रद्द करायचा अधिकार स्पर्धा-प्रमुखाकडे लेखी ठेवा. दोन संघांत ताजं प्रकरण असेल, तक्रार चालू असेल, तर त्या सामन्यापुरती रांग नाही. फक्त कर्णधार आणि पंच. आदल्या संध्याकाळी दोन्ही व्यवस्थापकांना फोन, कारण द्यायची गरज नाही. आयत्या वेळी मैदानात रद्द केलंत तर त्याचीच बातमी होते.

आखाडा_प्रेमी

बडोद्यात बसून आपण इंग्लंडची उदाहरणं देतोय, गंमत आहे. कुस्तीत पहिलवान मातीला हात लावतो, कपाळाला लावतो, मग समोरच्याचा हात. सलामीशिवाय कुस्ती लागत नाही. जुम्मादादांच्या आखाड्याच्या गावात हे कोणाला शिकवायला नको. आणि सांघिक खेळांचं म्हणाल तर हुतुतूचे छापील नियम १९२३ साली इथल्याच हिंद विजय जिमखान्याने काढले.

सलामीत एक गोष्ट पक्की असते. ती झाली की लगेच झोंबी. मध्ये पाहुणा नाही, माईक नाही. फुटबॉलमध्ये हात मिळवल्यावर संघ पुन्हा पांगतो, घोळका करून आरोळी देतो, फोटो काढतो, मग नाणेफेक. तोवर हात मिळवल्याचा असर संपलेला. क्रम उलटा करा. फोटो, नाणेफेक आधी, हात शेवटी, आणि थेट आपापल्या जागेवर.

शिट्टीवाला

आखाडा साहेबांचा क्रम पटला, अर्धा. नाणेफेक आधी झाली तर एक मोठी अडचणही सुटते. वर सांगितलेल्या रांगेत ब संघ हात मिळवत मिळवत अ संघाच्या टोकाला पोचतो. तिथून परत आपल्या बाजूला यायचं तर समोरून अ संघ पंचांकडे निघालेला. गर्दी, धक्काबुक्की, एकदोघांचे हात राहूनच जातात आणि "त्याने मुद्दाम टाळलं" अशी तक्रार इथेच जन्माला येते. बाजू आधी ठरली असेल तर रांग लावतानाच ब संघाला अशा अंगाला उभं करा की चालत चालत तो ज्या अर्ध्यात खेळायचाय तिथेच पोचेल. अ संघाचंही तसंच. कोणी मागे वळायचं नाही.

नाणेफेक आधी नसेल जमत, तर एवढंच सांगा: परत येताना रांगेच्या मागून या, पुढून नाही.

सुरसागरकाठ

मुलींचे आणि लहान मुलांचे संघ असतील तर थोडा वेगळा विचार करावा लागतो.

१३ वर्षांखालच्या मुलांत सामन्याआधीच्या हस्तांदोलनाला फार अर्थ नसतो. ती घाबरलेली किंवा उड्या मारत असतात, कोणाला हात दिला हे आठवतही नाही. त्यांच्यासाठी सामन्यानंतरची रांग महत्त्वाची, कारण हरल्यावर समोरच्याच्या डोळ्यात बघणं हे खरं शिकायचं. पण तीच रांग सर्वांत जास्त बिघडते. अमेरिकेत केंटकी राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने ऑक्टोबर २०१३ मध्ये शाळांना कळवलं होतं की देखरेख नसेल तर सामन्यानंतरच्या या रांगा लावू नका, कारण वेगवेगळ्या खेळांत मिळून तीन वर्षांत दोन डझनांहून जास्त मारामाऱ्या या रांगांमध्ये झाल्या होत्या. मोठ्यांनी घरचा रस्ता धरला आणि मुलांवर सोडून दिलं की हेच होणार.

म्हणून पद्धत अशी. शेवटची शिट्टी झाली की लगेच रांग नाही. दोन्ही संघ आपापल्या बाकाकडे, पाणी, दोन मिनिटं. रडणारा रडून घेतो. मग रांग. प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला प्रशिक्षक, शेवटी सहायक. म्हणजे धुसफुसलेला मुलगा कुठेही असो, पुढे-मागे मोठं माणूस असतं. उजवा हात, उघडा तळवा, चालत. पळत गेलं की टाळीची चापट होते. गोलकीपरने ग्लोव्हज काढायचे, चिखलाचा ओला ग्लोव्ह कोणालाच आवडत नाही. तळव्यावर थुंकून हात पुढे करणारा एखादा कार्टा प्रत्येक स्पर्धेत निघतो, प्रशिक्षकाने डोळा ठेवायचा तो यासाठी.

मुलींच्या सामन्यात आणखी एक. काहींना किंवा त्यांच्या घरच्यांना पुरुष पंचांशी हात मिळवणं नको असतं. वादच नको, नियमावलीतच लिहा की हात किंवा नमस्कार, दोन्ही चालेल. फक्त सगळ्यांसाठी लिहा. "मुलींसाठी नमस्कार" असं लिहिलंत की ज्यांना हात द्यायचाय त्यांची पंचाईत.

डावा_बॅक

सुरसागरताई, हे मान्य. मोठ्यांनाही दोन मिनिटांचं पाणी लागू करा, गरज त्यांनाच जास्त.

वारसिया_वाला

क्रिकेटचं कोणी काढलं नाही अजून? १४ सप्टेंबर २०२५, दुबई, भारत-पाकिस्तान. नाणेफेकीलाही हात नाही, सामन्यानंतरही नाही. आता गल्लीतली पोरंही तेच करणार, लिहून ठेवा.

संपादक

त्या विषयावर स्वतंत्र धागा आहे, तिकडे दोनशे प्रतिसाद झालेत. इथे फुटबॉल आणि मांडवी_दरवाजा यांचा प्रश्न एवढंच ठेवू. या प्रतिसादावरचे पुढचे आठ प्रतिसाद हलवले आहेत.

पेनल्टी_बॉक्स

मांडवीकर, तुमचा वेळ हस्तांदोलनात जात नाहीये, तो पाहुण्यात जातोय. हिशेब मांडतो.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पाच-दहा मिनिटं आधीच. पहिला सामना २ ला. ३५ + १० + ३५ म्हणजे ८०, वाया गेलेल्या वेळेची ५ मिनिटं धरली की ३:२५. बाद पद्धत, बरोबरी झाली तर थेट पेनल्टी, त्याला १५ मिनिटं, ३:४०. दुसऱ्या संघांना मैदानावर वॉर्मअपला १५ मिनिटं तरी लागतात. दुसरा सामना ४ ला. तो संपतो ५:२५, पेनल्टीसकट ५:४०. हातात उरली पंधरा मिनिटं. त्यातच एखादी दुखापत, एखादा चेंडू कुंपणापलीकडे.

आता पाहुणे. २२ खेळाडू, ४ पंच. कर्णधार नाव सांगणार, पाहुणे हात मिळवणार, माणशी ५ सेकंद. १३० सेकंद, म्हणजे जेमतेम सव्वादोन मिनिटं. हेही चालतं. खरी पंचाईत याच्या आजूबाजूला. पाहुणे वीस मिनिटं उशिरा. मग गुच्छ. मग माईक सुरू होत नाही. मग "दोन शब्द". मग प्रत्येक संघाबरोबर वेगळा फोटो. मग पाहुण्यांच्या हस्ते किक. तोवर संघ वॉर्मअप उरकून उभे. दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहिलं की वॉर्मअपचा फायदा गेला, आणि पहिल्याच धावेत मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो. त्याचा दोष मात्र हस्तांदोलनावर.

शिवाय मैदानाचं नुकसान. सकाळी पाणी मारून दुपारी फक्कीने आखलेली मध्यरेषा. त्यावरून पंधरा माणसं चपला-बूट घालून चालत गेली की मध्यवर्तुळ दिसेनासं. फक्की पुन्हा मारायला दहा मिनिटं, आणि फक्कीची गाडी ज्याच्या ताब्यात तो तेव्हाच चहाला गेलेला.

मांडवी_दरवाजा

पेनल्टीराव, दुखऱ्या नसेवर बोट. पण पाहुणे टाळता येत नाहीत. मांडव, चषक, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्यांच्यामुळे येतं.

पेनल्टी_बॉक्स

टाळू नका, जागा बदला. सामन्याआधी पाहुण्यांचं एकच काम: टचलाइनला उभं राहून दोन्ही कर्णधार आणि पंच यांच्याशी हात मिळवणं. सहा माणसं, अर्धं मिनिट. भाषण आणि सत्कार बक्षीस समारंभात. मधल्या दहा मिनिटांत काही ठेवू नका, ती खेळाडूंची आहेत. पाहुणे आले नसतील तर सामना थांबत नाही. ते आले की चेंडू बाहेर गेलेला असताना माईकवरून एक वाक्य.

किक द्यायचीच असेल तर ती सामन्याची सुरुवात धरली जात नाही, चेंडू परत केंद्रबिंदूवर ठेवून पंच शिट्टी देतो. ती फक्त अंतिम सामन्याला ठेवा, आणि पाहुण्यांना जरा हळूच मारायला सांगा, गुळगुळीत तळव्याचे बूट ओल्या गवतावर घसरतात.

रायपूरचा_रेफ

शेजारच्या जिल्ह्यांत फिरणारा म्हणून दोन गोष्टी जोडतो.

रांग लागते तेव्हा प्रत्येक खेळाडू पंचासमोरून जातो. नियम ४ प्रमाणे अंगावर दागिना नको: अंगठी, साखळी, बाळी, कडं, रबरबँड, काहीच नाही. वर चिकटपट्टी लावून झाकलं तरी चालत नाही, काढायचंच. आपल्याकडे हातात कडं आणि गळ्यात ताईत सर्रास. हात हातात आला की कडं लगेच लागतं. मनगटावरचा लाल दोरा हा वादाचा विषय, त्याचं पंचांनी आधीच एकमत करून घ्यावं, म्हणजे एका सामन्यात चालला आणि दुसऱ्यात काढायला लावला असं होत नाही. पण ही तपासणीची दुसरी चाळणी धरा. पहिली तपासणी वॉर्मअपच्या आधी बाकाजवळ, शिनगार्ड आणि बुटांच्या तळव्यासकट. कडं निघायला साबण लागतो, ते काम मध्यरेषेवर होत नाही.

दुसरी गोष्ट लाल कार्डाची. रांगेत कोणी शिवी दिली, थुंकला, डोकं मारलं तर? सामना सुरू झाला नाही म्हणून पंच काही करू शकत नाही असा समज आहे, तो चुकीचा. सामन्याआधीच्या पाहणीसाठी पंच मैदानात उतरला तिथपासून कारवाईचा अधिकार आहे. किक-ऑफच्या आधी खेळाडूला बाहेर काढलं आणि संघाची यादी दिलेली असेल, तर यादीतला राखीव त्याच्या जागी उतरतो आणि संघ अकराच राहतो. बदली खेळाडूंची संख्याही कमी होत नाही, फक्त बाकावरचा एक माणूस कमी झाला. हे व्यवस्थापकांना आदल्या दिवशीच्या बैठकीत सांगा, नाहीतर "आम्ही दहांनीच खेळायचं का" किंवा "ते अकरा का" अशी दोन्हीकडून बोंब होते.

आणि नुसता हात दिला नाही म्हणून कार्ड नाही. ते अहवालात लिहायचं, पुढचं स्पर्धा समिती बघेल.

डावा_बॅक

हे शेवटचं छान. सक्तीने दिलेल्या हाताला काय किंमत?

शिट्टीवाला

डावा_बॅक, तुमचा पहिला प्रश्न अजून तसाच आहे, देखावा कोणासाठी. हात मिळवून टॅकल सौम्य होत नाही, खरंय. पण त्या तीन मिनिटांत पंचाला कर्णधारांशी बोलायला शांत जागा मिळते. सामना सुरू झाल्यावर ती मिळत नाही.

नाणेफेकीच्या वेळी मी... म्हणजे कोणत्याही पंचाने चारच वाक्यं बोलावीत. एक, निर्णयाबद्दल बोलायला फक्त कर्णधार येईल, बाकीचे आले तर पिवळं. ही पद्धत युरो २०२४ मध्ये राबवली गेली आणि २०२५-२६ पासून नियमांत तिची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तुमच्या स्पर्धेने स्वीकारली तरच लागू, म्हणून नियमावलीत लिहा. गोलकीपर कर्णधार असेल तर त्याच्या जागी कोण बोलणार तेही तिथेच विचारून घ्यायचं. दोन, गोलकीपरने हातात चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्याला कॉर्नर, शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून मोजणार. हा २०२५-२६ चा बदल, अर्ध्या खेळाडूंना ठाऊक नाही. तीन, चेंडू कुंपणापलीकडे गेला तर कोण आणणार, राखीव चेंडू कुठे आहे. चार, दुखापत झाली तर काय.

चौथ्यावरच खरी भांडणं. समोरचा पडला की चेंडू बाहेर मारायचा आणि थ्रो-इनवर तो परत द्यायचा, हा अलिखित रिवाज. तो न कळल्यामुळे केवढा गोंधळ झाला ते निर्मळराव सांगतील.

निर्मळ_कॉर्नर

आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड, एफए कप, १३ फेब्रुवारी १९९९. शेफील्डने जखमी खेळाडूसाठी चेंडू बाहेर मारला. थ्रो-इन परत त्यांच्याकडे जायचा होता. आर्सेनलकडून पहिलाच सामना खेळणाऱ्या कानूने मध्येच घेतला, ओव्हरमार्सला दिला, गोल. नियमात गोल बरोबर, म्हणून पंचांनी दिला. २-१. आर्सेनलचे प्रशिक्षक व्हेंगर यांनी स्वतःहून पुन्हा खेळायची तयारी दाखवली, दहा दिवसांनी सामना पुन्हा झाला आणि पुन्हा २-१ च लागला.

२८ एप्रिल २०१९ चं लीड्स विरुद्ध अ‍ॅस्टन व्हिला तर अजून पुढचं. व्हिलाचा खेळाडू खाली पडलेला असताना लीड्सने गोल केला, मैदानात धराधरी, आणि लीड्सचे प्रशिक्षक बिएल्सा यांनी आपल्या संघाला सांगितलं, त्यांना गोल करू द्या. १-१. त्या वर्षीचा फिफाचा फेअर प्ले पुरस्कार याच प्रसंगासाठी बिएल्सा आणि लीड्सला मिळाला.

शिट्टीवाला

तेच. म्हणून नाणेफेकीत सांगायचं: दुखापत गंभीर वाटली तर खेळ मी थांबवीन, तुम्ही चेंडू बाहेर मारत बसू नका. थांबवल्यावर ड्रॉप-बॉल. २०१९ पासून तो ज्या संघाने शेवटचा स्पर्श केला त्यांच्याच एका खेळाडूला मिळायचा; २०२५-२६ पासून चेंडू ज्यांच्याकडे होता किंवा स्पष्टपणे जाणार होता त्यांना, आणि ते स्पष्ट नसेल तरच शेवटचा स्पर्श करणाऱ्यांना, बाकी सगळे ४ मीटर लांब. पेनल्टी क्षेत्रात थांबला असेल तर बचाव करणाऱ्या गोलकीपरला. म्हणजे चेंडू परत देण्याचा प्रश्नच उरत नाही. निम्मा रिवाज नियमानेच सोडवला, पण कर्णधाराला हे माहीत नसेल तर तो मैदानात शिष्टाचार शिकवायला येतो.

डावा_बॅक, म्हणून ठेवा म्हणतो. रांगेचं सोडा, ती राहिली न राहिली. कर्णधार-पंच भेट काढलीत तर तुमचा सामना दहा मिनिटं लांबेल, मिनिटभर वाचणार नाही.

डावा_बॅक

कर्णधारांची भेट ठेवा, मान्य. अकरांची रांग मात्र मी अजूनही उपांत्य फेरीपासूनच ठेवीन. पहिल्या फेरीत आठ सामने, बघायला मोजून चाळीस माणसं.

सुरसागरकाठ

उलट करा ना. अंतिम सामन्यात राग शिगेला आणि सगळ्यांचे मोबाईल वर. पहिल्या फेरीपासून सवय असेल तर अंतिम सामन्यात कोणी लक्षही देत नाही. आयत्या वेळी आणलेली पद्धतच नाटकी दिसते.

आखाडा_प्रेमी

+१ ताईंना.

पेनल्टी_बॉक्स

पताकांबद्दल कोणी बोललं नाही. खर्च, आणि एक साधी अडचण. नाणेफेकीत दोन्ही कर्णधारांच्या हातात दुसऱ्याची पताका येते, आणि मग ती द्यायची कोणाकडे? दोघंही पताका घेऊन बाकाकडे पळतात, पंच वाट बघत उभा. ठेवायच्याच असतील तर फक्त अंतिम सामन्याला, आणि प्रत्येक बाकाचा एक माणूस मध्यरेषेच्या टोकाला उभा.

राष्ट्रगीतही अंतिम सामन्यालाच. पूर्ण ५२ सेकंदांचं. स्पीकरवर लावणार असाल तर फाइल फोनमध्ये उतरवलेली हवी, नेटवरून वाजवाल तर मध्ये जाहिरात येईल आणि सगळे सावधानमध्ये ती ऐकत उभे. खरं तर दोन मुलांनी माईकवर सुरुवात करावी आणि सगळ्यांनी म्हणावं, यासारखं सोपं काही नाही.

रायपूरचा_रेफ

अवांतर: स्पर्धा लांबून जानेवारीत गेली तर उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगबाजीच्या) आगेमागे संपूर्ण मैदान चालून मांजा वेचायला दोन माणसं लावा. गोलच्या जाळीत आणि कॉर्नरच्या झेंड्यांना गुंतलेला सुद्धा. हे रांगेच्या आधी, वॉर्मअपच्याही आधी. पाय कापला तर फेअर प्लेचं कौतुक करायला कोणी उरणार नाही.

मांडवी_दरवाजा

सगळ्यांचे आभार, उद्याच्या बैठकीसाठी मसुदा टाकतो. ४ च्या सामन्यासाठी:

३:३० ला यादी पंचांकडे, बाकाजवळ बूट-शिनगार्ड-दागिने तपासणी. ३:४० ते ३:५४ मैदानावर वॉर्मअप, संघाचे फोटो याच वेळात, तेही आपापल्या अर्ध्यात. पहिला सामना पेनल्टीवर गेला नाही तर मैदान १५ मिनिटं आधी मोकळं. ३:५४ ला कर्णधार टचलाइनला, पाहुणे हजर असतील तर अर्ध्या मिनिटात हात मिळवणी. ३:५५ नाणेफेक आणि शिट्टीवाले साहेबांची चार वाक्यं. ३:५७ रांग, संघ नाणेफेकीत ठरलेल्या बाजूप्रमाणे उभे, हात किंवा नमस्कार. ३:५९ जागेवर. ताजं प्रकरण असलेल्या दोन संघांत रांग नाही, निर्णय स्पर्धा-प्रमुखाचा, आदल्या संध्याकाळी फोन. संपल्यावर दोन मिनिटं पाणी, मग रांग, पुढे-मागे प्रशिक्षक.

शिट्टीवाला

३:५७ च्या आधी गोलकीपरचे ग्लोव्हज आणि बुटांच्या नाड्या बघायला चौथ्या पंचाला सांगा. डावा_बॅक म्हणतात ती पाच मिनिटं तिथेच जातात. बाकी ठीक.

पेनल्टी_बॉक्स

निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांची वेळ ३:३० छापा. ३:५४ ला पोचतील.